डाव्या बाजूची कोशिंबीर

गुप्तेबाईंच्या घरी जेवायला बसणं म्हणजे परीक्षेला बसणं होतं. ताटात मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, खाली मधोमध भाताची मूद. हे तसं सगळ्यांनाच माहीत असतं, पण घाईत एखाद्या दिवशी चटणी भाजीच्या शेजारी जाऊन बसते आणि कुणाचं काही बिघडत नाही. बाईंचं बिघडायचं. आम्ही डोंबिवलीच्या मानपाड्याला त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, त्याच आठवड्यात त्यांनी आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. आपलं वजन पडावं म्हणून मी उठून ताटं वाढायला घेतली. बाईंनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि म्हणाल्या, "मिलिंद, उजवी बाजू जिभेची, डावी बाजू शरीराची. घोळ करायचा नाही." हा सिद्धांत कुठल्या पुस्तकात आहे, असं मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पुस्तक काढून दाखवलं असतं, आणि मला ते वाचावं लागलं असतं.

बाईंनी आयुष्यभर शाळेत मुलींना गृहविज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डोंबिवलीच्या भाजीबाजारात त्यांचा दरारा शिल्लक होता. पन्नाशीची, चांगली बँकेत अधिकारी असलेली बाई समोरून यायची, गुप्तेबाईंना पाहायची आणि आपल्या पिशवीतली मेथीची जुडी गुपचूप वर काढून ठेवायची. बाई थांबून पिशवीत डोकावायच्याच. "बटाटे किती घेतलेस?" असं त्या विचारत तेव्हा ती बाई खरंच कमी करून सांगायची. उंच, सडसडीत, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, असं त्यांचं रूप होतं. चष्मा फक्त वाचायला. गॅलरीत उभ्या राहिल्या की फाटकातून आत शिरणाऱ्या पोराच्या पिशवीतलं वेफर्सचं पाकीट त्यांना तिसऱ्या मजल्यावरून ओळखू यायचं.

घर सीकेपी, त्यामुळे मासळी आणि वालाचं बिरडं यांच्याशिवाय त्यांचा आहारविचार पुढे सरकत नसे. पण त्यातही शिस्त होती. पापलेट आणलं म्हणून मी एकदा फुशारकी मारली तर म्हणाल्या, "पापलेट पाहुण्यांसाठी असतं. घरच्यांसाठी बांगडा. डोळ्यांना, हृदयाला, सगळ्याला." त्यांना माणसावर प्रेम करायची दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. कुणी आजारी पडलं की त्या फोन करून विचारपूस करत नसत, डबा पाठवत. डबा पोचला की मग फोन करत, आणि तोही तो संपला का हे विचारायला.

या सगळ्या प्रेमाचा मोठा वाटेकरी होता त्यांचा धाकटा भाऊ, शरद. आई-वडील लवकर गेले तेव्हा बाईंना नुकतीच नोकरी लागली होती आणि शरद शाळेत होता. त्याला वाढवण्यात त्यांचं लग्न राहून गेलं. "राहून गेलं" हा त्यांचाच शब्द, बाजारातून येताना कोथिंबीर राहून जावी तसा उच्चारलेला. शरदकाका ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, तिथूनच निवृत्त झाले आणि बायकोबरोबर, वृंदाकाकूंबरोबर, माजिवड्याला राहत. साठी उलटून गेलेला हा गृहस्थ ताईसमोर आला की शर्टाचं वरचं बटण लावायचा. ताई म्हणेल ते खायचं, ताई म्हणेल ते ऐकायचं. वृंदाकाकू थट्टेनं म्हणत की माझं लग्न दोघांशी झालंय, त्यातल्या एकाशीच मी बोलू शकते.

शरदकाका चष्म्याचा नंबर बदलायला गेले आणि डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, दुखत नाही, खुपत नाही. रोज थेंब टाकायचे, आणि तेही कायमचे. बाईंनी त्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली. मोबाइलवर येणारं, वाचनालयात मिळणारं, जुन्या विद्यार्थिनींनी पाठवलेलं, सगळं. त्यांना त्यात एक शब्द सापडला, अँटिऑक्सिडंट, आणि त्या शब्दाला धरून त्यांनी आपलं जुनं सगळं शास्त्र पुन्हा मांडलं. लोखंडावर गंज चढतो तसा आपल्या नसांवर चढतो, असं त्या मला समजावून सांगत, आणि तो गंज काढायला आवळा, लाल माठ, शेवग्याचा पाला, गाजर, बीट, अक्रोड. सकाळी उठल्याबरोबर तांब्याच्या भांड्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी, आणि तेही घोट घोट नाही, तांब्याभर एका दमात. हे पाणी त्यांच्या वडिलांपासूनचं होतं, त्यामुळे त्याला शास्त्राचा आधार शोधायची गरज त्यांना वाटली नाही.

एक गोष्ट मी इथे स्पष्ट सांगतो, कारण पुढे बाईंनी मला ती अनेकदा विचारली. थेंब बंद कर, असं त्या भावाला कधीही म्हणाल्या नव्हत्या. फक्त एक वाक्य त्यांच्या तोंडी बसलं होतं: थेंब डोळ्यात जातात, अन्न रक्तात जातं. वाक्य छान होतं. आम्हा सगळ्यांना आवडायचं.

माझं ऑफिस घोडबंदर रोडला. माजिवड्यावरूनच जायचं, त्यामुळे शरदकाकांचा डबा पोचवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गाडीच्या मागच्या सीटवर तो स्टीलचा डबा पट्टा लावून बसवायची बाईंची आज्ञा होती. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असली की शेवग्याच्या पाल्याचा वास दरवळायचा आणि बाजूच्या रिक्षातला माणूस आत वळून बघायचा. वृंदाकाकू फाटकाशी येऊन डबा घ्यायच्या, कालचा घासलेला परत द्यायच्या. मला मजा वाटायची. आपण एका चांगल्या कामात आहोत असंही वाटायचं.

रविवारी शरदकाका जेवायला डोंबिवलीला येत, आणि बहुतेक वेळा आम्हालाही बोलावणं असे. अशाच एका रविवारी बाईंनी गाजर-बिटाची कोशिंबीर केली होती, वर अक्रोड कुटून घातलेले. शरदकाकांनी भात, भाजी, बिरडं सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि हात धुवायला उठायला लागले. कोशिंबीर तशीच.

"शरद," बाई म्हणाल्या, "ज्याच्यासाठी सकाळपासून किसत बसले, तेच टाकतोस?"

शरदकाकांनी ताटाकडे पाहिलं. मग मान जरा डावीकडे वळवली, आणि पुन्हा खाली बसून ती सगळी कोशिंबीर दोन-तीन घासांत संपवली. लक्षच नव्हतं ताई, असं काहीतरी पुटपुटले. पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. बाई आम्हाला सांगू लागल्या की हा लहानपणापासून असाच, काकडी ताटाखाली लपवायचा, मी ताट उचललं की पकडला जायचा. आम्ही हसलो. तिसऱ्या वेळी मात्र त्या चिडल्या. "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" असं आमच्यादेखत म्हणाल्या. शरदकाकांचे कान लाल झाले. त्यांनी बोटांनी चाचपल्यासारखं करून वाटीएवढी कोशिंबीर तोंडात भरली. मला तेव्हा ते चाचपणं दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लावायची बुद्धी झाली नाही.

त्या थंडीत डोंबिवलीतल्या एका महिला मंडळानं बाईंचं व्याख्यान ठेवलं. विषय, डोळे आणि आहार. बाईंनी शरदकाकांना पुरावा म्हणून बरोबर नेलं. मी खुर्च्या मांडायला आणि बाईंचे तक्ते धरायला. बाई फार सुरेख बोलल्या. शेवटी त्यांनी भावाला व्यासपीठावर बोलावलं, त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि छोट्या जाहिराती वाचायला सांगितल्या. शरदकाकांनी भाड्याने देण्याच्या खोल्या, शिलाई मशीन, वधू-वर असं सगळं बारीक टायपातलं धडाधडा वाचून दाखवलं. एकदाही अडखळले नाहीत. काचबिंदू असलेला माणूस वाचतोय म्हटल्यावर हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला गर्व म्हणायला मला जड जातं, पण दुसरा शब्द नाही.

हा आजार कडांपासून आत येतो, समोरचं शेवटपर्यंत शाबूत राहतं, आणि म्हणून छोट्या जाहिराती वाचून काहीच सिद्ध होत नाही, हे त्या हॉलमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. शरदकाका व्यासपीठावरून उतरले आणि डावीकडे ठेवलेल्या लोखंडी खुर्चीवर आदळले. खुर्ची दाणकन पडली, माइकची वायर पायात आली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो काका, डोळे तपासून घ्या." सगळा हॉल हसला. बाई हसल्या, शरदकाका हसले, मीही हसलो. ते हसू आठवलं की मला आजही मान खाली घालावीशी वाटते.

पुढे काही दिवसांनी माजिवड्याच्या सिग्नलपाशी रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा शरदकाकांना घासून गेली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण रिक्षावाला वृंदाकाकूंना म्हणाला, "भाभी, मी एवढा हॉर्न मारला, साहेब बघतच नव्हते." काकूंनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी गाडी काढली, बाई आल्याच.

तिथे एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाई बाहेर बसायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांना कोपऱ्यात स्टुलावर बसू दिलं. बाहेर येऊन त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मला म्हणाल्या की प्रत्येक ठिपक्याला यंत्र बारीकसं वाजतं, ते वाजत होतं आणि त्याचा अंगठा हलत नव्हता. "मला आधी वाटलं, झोपला की काय हा."

डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत. दोन्ही डोळ्यांत डावीकडचा आणि खालचा बराच भाग गेलाय, असं तिनं सांगितलं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखता येतं. मग तिनं विचारलं की थेंब कधीपासून बंद आहेत.

काकू काहीतरी बोलणार होत्या, पण शरदकाकाच बोलले. थेंबांनी डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे. ताईचा आहार सुरू झाला, दिसतही नीट होतं, म्हणून मागच्या वर्षीच सोडले. घरात सांगितलं नाही. रोज बाटली फ्रीजमधून काढायचे आणि तशीच परत ठेवायचे. हे सगळं ते जमिनीकडे बघत, एखाद्या शाळकरी मुलासारखं सांगत होते.

मला वाटलं आता डॉक्टर आवाज चढवेल. तिनं चढवला नाही. बाईंकडे वळून म्हणाली की पालेभाज्या जरूर द्या, फळं द्या, मासे द्या, ते सगळं चांगलंच असतं, नसांना त्याचा फायदा होतो का यावर संशोधनही चालू आहे. "पण आजी, अजून तरी खात्रीनं दाब उतरवणारं अन्न नाही. ते थेंबांच्या शेजारी ठेवा, थेंबांच्या जागी नको." बाईंनी मान हलवली. मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं की सकाळी एकदम खूप पाणी पिता का. शरदकाकांनी तांब्या सांगितला. तेवढं एका दमात पिऊ नका, ती म्हणाली, त्यानं थोडा वेळ डोळ्यातला दाब चढतो, दिवसभर थोडं थोडं प्या. मी बाईंकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाली की हा आजार सख्ख्या भावंडांत असू शकतो, तुम्हीही तपासून घ्या. पुढच्या आठवड्यात मी बाईंना घेऊन गेलो. परत येताना त्यांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "माझे डोळे स्वच्छ निघाले, मिलिंद." मी बरं झालं म्हणालो. "काय बरं झालं," त्या म्हणाल्या. "कोशिंबीर त्याला दिसत नव्हती. चार हातांवर बसून, या स्वच्छ डोळ्यांनी, मला ते दिसलं नाही. वर मी त्याचीच लाज काढली."

घराचं कुलूप उघडताना त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, मी बंद कर म्हटलं नव्हतं ना. मी म्हणालो, नाही, कधीच नाही. "म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण त्याला तसं वाटेल असंच बोलत राहिले. त्यानं आयुष्यभर माझं न बोललेलंही ऐकलंय, हे मला माहीत होतं."

त्यानंतर डबा बंद झाला. बाईंच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टीसुद्धा क्वचित ऐकू यायची. बाजारात जायच्या त्या दुपारच्या, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा वेळी. भाजीवालीनं मला विचारलं, बाई आजारी आहेत का. एकदा मात्र त्या त्याच महिला मंडळात गेल्या, आणि मला बरोबर चल म्हणाल्या. मंडळाच्या अध्यक्षबाई आधी समजावत होत्या की जाऊ द्या ना बाई, कुणाच्या लक्षातही नाही. बाई माइकपाशी उभ्या राहिल्या आणि तक्ता न लावता, सरळ, काय झालं ते त्यांनी सांगितलं. माझं चुकलं, म्हणाल्या. तुमच्यापैकी कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल तर आजच सुरू करा, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर भावंडांचे डोळे तपासा. त्या खाली उतरल्या आणि सवयीनं टाळ्या पडल्या. बाई तिथेच थांबल्या. "टाळ्या कसल्या वाजवता," एवढंच म्हणाल्या, आणि हॉलमध्ये कुणाला कुठे बघावं कळेना.

भावाला मात्र त्या भेटल्या नाहीत, फोनही केला नाही. तिकडे शरदकाकाही करत नव्हते. लपवल्याची लाज त्यांना, बोलल्याची लाज यांना, आणि दोघांच्या मधे मी रोज रिकाम्या मागच्या सीटसकट माजिवड्यावरून जात होतो. एका सकाळी वृंदाकाकूंनी मला फाटकाशी थांबवलं. म्हणाल्या, "मिलिंद, ताईंना सांग रे काहीतरी. थेंब टाकूनच घेत नाहीत हे. आता उरलंय काय, म्हणतात. बाटली घेऊन गेले की तोंड फिरवतात. माझं नाही ऐकणार ते, तुला माहितीये कुणाचं ऐकतात."

मी संध्याकाळी बाईंना सांगितलं. त्या वाल सोलत बसल्या होत्या, थोडेसे, एका माणसापुरते. "मी कुठल्या तोंडानं सांगू त्याला?" त्या म्हणाल्या. "माझं ऐकूनच गेले ना त्याचे डोळे. आता पुन्हा मीच सांगायचं, ऐक?" उरलेले डोळेही असेच जातील बाई, असं मी म्हणालो आणि घरी आलो. जरा जास्तच बोललो असं वाटत राहिलं.

सकाळी मी गाडी काढत होतो तर बाई खाली उभ्या. हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. पदर कमरेला खोचलेला नव्हता, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला होता. माजिवड्याला सोड, म्हणाल्या. कापूरबावडीच्या अलीकडे गाडी अडकली तेव्हा पदरानं चेहरा पुसला.

दार काकूंनी उघडलं. शरदकाका खुर्चीतून उठले आणि त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. बाईंनी ते पाहिलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. मग काकूंकडून थेंबांची बाटली मागून घेतली, भावासमोर उभ्या राहिल्या.

"शरद, मी तुला चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. "आता हे एवढं ऐक. यानंतर काही ऐकू नकोस माझं."

शरदकाकांनी मान मागे टेकली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा डोळ्यात गेला.

त्या तिथेच राहिल्या. शेजारच्या दाराला आता कुलूप असतं, महिन्यातून एकदा मी किल्लीनं उघडून खिडक्या उघड्या टाकतो. मध्यंतरी एका रविवारी त्यांनी मला माजिवड्याला जेवायला बोलावलं. त्यानंतर अजून भेट नाही. मी पाटावर बसलो आणि ताट बघून चक्रावलो. डावी बाजू रिकामी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं उजवीकडे भाजीच्या अंगाला लागून दाटीनं वाढलेलं. मला वाटलं शरदकाकांचं ताट चुकून माझ्यासमोर आलं. पण काकूंचं तसंच होतं, बाईंचं स्वतःचंही तसंच. एकट्याचं वेगळं दिसू नये म्हणून त्यांनी सगळ्यांचीच ताटं तशी वाढली होती.

आम्ही जेवायला लागलो. बाईंचा हात सवयीनं दोन-तीनदा ताटाच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथे काही नाही म्हणून परत आला. शरदकाकांनी आधी कोशिंबीर संपवली, मग भाताला हात घातला.

"ताई, कोशिंबीर छान झालीये," ते म्हणाले. "अजून वाढ."

बाईंनी वाढली, आणि भावाकडे न बघता पुन्हा आपल्या ताटावर वाकल्या.